आवाज बारीक आणि वर्ग मोठा, मग नेतृत्व दिसणार कुठे?

प्रश्न विचारणारे सर बडोद्यातल्या एका खाजगी शाळेत आठवीला सामाजिक विज्ञान शिकवतात. नोकरीचं दुसरं वर्ष, वर्गात ५६ मुलं. आचार्यांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, त्यांना बोलावून सांगितलं, ‘विषय तुम्हाला चांगला येतो, पण वर्गात तुमची लीडरशिप दिसत नाही.’ सरांचा आवाज बारीक, स्वभाव सौम्य. पीटीचे सर नुसते दारात उभे राहिले तरी मुलं चिडीचूप होतात, आणि यांची मात्र तासाची पहिली दहा मिनिटं ‘शांत बसा’ म्हणण्यात जातात. जुन्या सहकाऱ्यांनी सल्ला दिलाय की दिवाळीपर्यंत हसायचं नाही, मग हळूहळू सैल सोडायचं. हे बरोबर आहे का, आणि ज्याला दरडावणं जमत नाही त्याने काय करायचं, असं सरांनी विचारलं आहे.

सर, तुमची अडचण आवाजाची आहे असं मला वाटत नाही. वर्ग शांत बसला म्हणजे नेतृत्व आलं असं तुम्ही धरून चालला आहात. मी बडोद्यातच गुजराती माध्यमाच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवते, आणि अलीकडे नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून त्यांचे तास पाहणं हेही माझ्याकडे आहे. फळ्यापाशी उभं राहून जे दिसत नाही ते मागे बसलं की दिसतं. शिक्षक काय बोलतोय यापेक्षा तो आता काय करेल, याकडे मुलांचं लक्ष जास्त असतं. कुणी वही आणली नाही असं कळलं की सगळ्या माना वर होतात. आता काय होणार? काल तिला जे झालं तेच आज याला होणार का? तुम्ही पुढे काय कराल हे मुलांना आधीच ठाऊक असलं आणि ते सगळ्यांना सारखं लागू असलं, की वर्गाला तुमचा भरवसा वाटू लागतो. वर्ग तुमच्यामागे येतो तो या भरवशाने. पीटीच्या सरांची मुलांना भीती वाटत असेल किंवा त्यांच्याबद्दल असाच भरवसाही असेल. दारातून दोन्ही सारखंच दिसतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांना ३५ मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. तुमच्यासमोर ५६ आहेत. त्यामुळे माझी प्रत्येक सूचना जशीच्या तशी चालेल असं नाही. दुसरं म्हणजे आचार्य शिक्षकाला मुलांदेखत बोलत असतील, तर शिक्षकाने कितीही चांगलं वागलं तरी त्याचं वजन वर्गात टिकत नाही, आणि ते आचार्यांशी बंद दाराआड बोलूनच सोडवावं लागतं. आणि एखादं मूल रोजच मारामारी करत असेल किंवा अचानक गप्प झालं असेल, तर तो वर्ग सांभाळण्याचा प्रश्न उरत नाही. तिथे पालक, समुपदेशक, शाळा असे सगळे लागतात. ही तीन प्रकरणं बाजूला ठेवून बाकीचं लिहिते.

दिवाळीपर्यंत न हसण्याचा सल्ला मला पटत नाही. जूनमधले सर आणि जानेवारीतले सर वेगळे दिसले, तर मुलं त्यातून एवढंच शिकतात की सरांचा नियम सरांच्या मनःस्थितीवर ठरतो. मग ती रोज सकाळी तुमचा चेहरा वाचत बसतात. त्याऐवजी पहिल्या दिवसापासून दोन-तीनच गोष्टींवर ठाम राहा आणि पहिल्या दिवसापासून हसा. माझ्या वर्गात ठाम गोष्टी या: एक जण बोलत असताना दुसरा मध्ये बोलणार नाही, कुणी कुणाच्या चुकलेल्या उत्तराला हसणार नाही, आणि लेसन, म्हणजे गृहपाठ, झालं नसेल तर तास सुरू होण्याआधी मला येऊन सांगायचं. तिसऱ्यात आधी सांगणाऱ्याला शिक्षा काहीच नाही. आधी सांगितलं की ते कधी पूर्ण करायचं हे आम्ही दोघं मिळून ठरवतो. लपवलं तर रिसेसमध्ये माझ्यासमोर बसून करायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यावर वर्गात चर्चा होत नाही.

आता तुमची पहिली दहा मिनिटं. शिक्षण हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत आणि त्यांत सगळ्यात आधी नियमित व वेळेवर येणं आहे. ते शाळेत येण्याबद्दल असलं तरी मी ते प्रत्येक तासाला लावते. आधीचा तास संपवून, स्टाफरूममध्ये पाणी पिऊन, दोन शब्द बोलून आपण चार मिनिटं उशिरा वर्गात शिरतो, तोवर वर्ग मुलांच्या ताब्यात गेलेला असतो आणि मग आपण तो मागत बसतो. शक्य तिथे घंटेबरोबर दारात असा. आत शिरल्यावर गप्प बसायला सांगू नका, काम द्या. फळ्यावर कालच्या धड्यातले दोन प्रश्न लिहा, मुलं वहीत उत्तरं लिहू लागतील तेवढ्यात रांगांमधून फिरा. पहिले काही दिवस अर्धा वर्ग लिहिणार नाही. तरी रोज तेच करा. मुलांना कळू लागतं की सर आले म्हणजे काम सुरू झालं, आणि त्यासाठी आवाज लागत नाही.

मुलांना दिलेल्या शब्दाबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण नव्या शिक्षकांचं वजन सगळ्यात जास्त इथे घटतं. ‘उद्या वह्या तपासून देतो’ असं म्हणायचं आणि वह्या आठ दिवस कपाटात ठेवायच्या. ‘पुन्हा बोललास तर वर्गाबाहेर काढीन’ म्हणायचं आणि पुन्हा बोलल्यावर तेच वाक्य अजून जोरात म्हणायचं. ५६ वह्या एका रात्रीत होत नाहीत, हे मुलांनाही कळतं. मग रोज १४ वह्या घेतो असं सांगा आणि त्या १४ दुसऱ्या दिवशी परत द्या. चार दिवसांत वर्ग पूर्ण होतो. पाळता येईल तेवढंच बोला. धमकीचंही तेच. जी शिक्षा द्यायची तुमची इच्छा नाही किंवा द्यायचा तुम्हाला अधिकार नाही, तिचं नाव तोंडातून काढू नका. आणि ‘पीटीच्या सरांना बोलावू का?’ हे वाक्य तर आजपासून बंद करा. ते म्हणताना तुम्ही मुलांना सांगत असता की या वर्गाचे मोठे दुसरेच कुणी आहेत.

बडोदेकर म्हणून आपल्याला सक्तीच्या शिक्षणाचा अभिमान वाटतो, आणि तो रास्त आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानाला लागू केला. मूल बाकावर येईल याची सोय अशी इथे शंभर वर्षांपूर्वीच झाली. पण बाकावर आलेलं मूल शिक्षकाचं मनापासून ऐकेल, हे कुठल्या हुकमाने होत नाही. आज तर धाकाचा मार्ग कायद्यानेही बंद केला आहे, आणि ते योग्यच झालं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. हा दुसरा भाग आपल्यापैकी पुष्कळ जण वाचून पुढे जातात. वडिलांच्या धंद्यावरून टोमणा, मोठ्या बहिणीशी तुलना, मार्क मोठ्याने वाचून दाखवणं, हे सगळं त्यात येतं असं मी मानते, आणि एखाद्या सौम्य शिक्षकाचा संयम सुटला की त्याच्या तोंडून नेमकं हेच निघतं, हे मी मागच्या बाकावरून पाहिलं आहे.

खोडी झाली तर मग काय करायचं? जेकब कौनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांची चित्रफीत घेऊन हाच शोध घेतला होता. १९७० मध्ये त्याने मांडलेल्या निष्कर्षांत असं आलं की शिक्षक कसा रागावतो यावरून वर्ग चांगला चालेल की नाही हे ठरत नव्हतं. फरक पडत होता तो आधीच्या वागण्याने. सगळ्या वर्गावर ज्याची नजर असते, एक काम संपवून दुसऱ्याकडे जाताना जो मुलांना रिकामं ठेवत नाही, त्याच्या वर्गात रागवायची वेळच कमी येते. माझा अनुभवही हाच आहे. फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ फिरवू नका, अर्धे वळून लिहा. शिकवणं न थांबवता बोलणाऱ्या मुलाच्या बाकापाशी जाऊन उभे राहा, बोट त्याच्या पुस्तकातल्या ओळीवर ठेवा आणि पुढे चला. एवढ्याने थांबलं नाही तर तास संपल्यावर एकट्याला थांबवून, हळू आवाजात, दोन वाक्यांत सांगा. सगळ्यांसमोर जाब विचारलात की त्याला मित्रांसमोर माघार घेता येत नाही, आणि आठवीच्या वयात माघार न घेणं हेच त्याला सगळ्यात महत्त्वाचं असतं. बारीक आवाज इथे तुमच्या कामाला येतो, कारण हळू बोललेलं फक्त त्यालाच ऐकू जातं.

एकाने खोडी केली म्हणून सगळ्या वर्गाला रिसेसमध्ये बसवणं मात्र कधीही करू नका. ज्या चाळीस-पन्नास मुलांनी काहीच केलेलं नाही, ती त्या दिवशी तुमच्यापासून दूर जातात.

सारखेपणा हा सगळ्यात अवघड भाग आहे, कारण आपला भेदभाव आपल्याला दिसत नाही. एका वर्गात मी पाहत होते. नियम असा की विचारल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. पहिल्या नंबरची मुलगी उठून मैत्रिणीची पट्टी घेऊन आली, शिक्षिका हसल्या. थोड्या वेळाने शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला, त्याला चार शब्द ऐकावे लागले. शिक्षिकेच्या लक्षातही आलं नाही. मागच्या रांगेत मात्र तीन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्या रांगेतून एकही हात वर आला नाही.

प्रश्न कुणाला विचारतो आणि उत्तरासाठी किती थांबतो, यातही हेच घडतं. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात ते मोजून दाखवलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब येऊ लागली, ‘येत नाही’ म्हणणारी मुलं कमी झाली, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. तिला आणखी एक गोष्ट आढळली, जी मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते: ज्यांना आपण हुशार समजतो त्यांच्यासाठी आपण जास्त थांबतो, आणि ज्यांना जास्त वेळ हवा त्यांच्यासाठी कमी. सर आपल्याला काय समजतात हे मूल त्या एका सेकंदात ओळखतं.

यावर माझा उपाय साधा आहे. वर्गाच्या बैठकीचा कागद हजेरीच्या वहीत ठेवा आणि ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे टिंब द्या. आठवड्याच्या शेवटी तो कागद पाहा. बहुतेकांची टिंबं पहिल्या दोन रांगांत आणि खिडकीच्या बाजूला गोळा झालेली असतात. पुढच्या आठवड्यात कोऱ्या जागांपासून सुरुवात करा. प्रश्न विचारून मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा. पहिल्या दिवशी ती शांतता तुम्हाला खायला उठेल. मुलांना ती तेवढी जाणवत नाही.

उत्तर चुकलं तर ‘चूक, बस खाली’ म्हणून पुढच्याकडे जाऊ नका. ‘इथपर्यंत कसा आलास ते सांग’ असं विचारा. १८५७ चा उठाव कुठे झाला याला एखाद्याने ‘दांडी’ म्हटलं, तर त्याच्या डोक्यात दोन लढे एकत्र झाले आहेत. मग दांडीयात्रा १९३० ची, आपल्या गुजरातच्या किनाऱ्यावरची, हे तिथेच सोडवता येतं. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘पाहून उद्या सांगतो’ म्हणा आणि उद्या न विसरता, त्याच मुलाचं नाव घेऊन सांगा. या एका गोष्टीने माझ्या पाहण्यातल्या कितीतरी शिक्षकांबद्दलचा आदर वाढला आहे.

आता आपल्या शहरापुरतं थोडं. तुमचं आडनाव मराठी असेल, तर वर्गात मराठी मुलं तुमच्याशी मराठीत बोलायला बघतील. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडची घरं, ओळखी निघतात, कुणाची आजी तुमच्या मावशीच्या भजनी मंडळात असते. आपल्यालाही बरं वाटतं. पण तास चालू असताना एका मुलाशी मराठीत दोन वाक्यं बोललात की गुजराती, सिंधी, हिंदीभाषक मुलांना वाटतं, सरांचं यांच्याशी वेगळं काहीतरी आहे. तुम्ही ‘वही काढ’ एवढंच म्हणाला असाल, पण त्यांना ते कळलेलं नसतं. म्हणून वर्गात सगळ्यांशी वर्गाच्याच भाषेत बोलायचं, हा माझा नियम आहे. रिसेसमध्ये, मैदानावर, घरी जाताना मी मराठी मुलांशी मराठीतच बोलते, आणि गुजराती मूल आपणहून एखादं मराठी वाक्य टाकतं तेव्हा त्यालाही मराठीत उत्तर देते. मुलांनी हा फरक कधीच वाकडा घेतलेला नाही.

नवरात्रीचे नऊ दिवस तुम्ही पाहिलेच असतील. रात्री उशिरापर्यंत गरबा, सकाळपाळीला डोळे मिटलेली मुलं. दरवर्षी कुणीतरी शिक्षक तिसऱ्या दिवशी भडकतो. मी त्या आठवड्यात मुद्दाम लिहिण्याची, नकाशे भरण्याची, गटात बसून करायची कामं ठेवते आणि पहिल्याच दिवशी तसं सांगते: नवीन धडा नाही, पण रोजचं काम रोज पूर्ण व्हायला हवं. आपण त्यांचं आयुष्य पाहतो हे मुलांना कळतं, आणि कामातून सुटका नाही हेही कळतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं आणि अनेक घरांच्या तळमजल्यावरची दप्तरं भिजून गेली. शाळा पुन्हा भरली त्या दिवशी ‘वह्या कुठे आहेत’ हा प्रश्न कुठल्याच वर्गात विचारायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. आधी कुणाकडे किती पाणी आलं होतं हे बोलणं झालं, मग ज्यांच्या वह्या शाबूत होत्या त्यांच्या वह्यांवरून बाकीच्यांनी उतरवून घेण्याच्या जोड्या लावल्या. जोड्या शिक्षकांनी ठरवल्या, मुलांना मागत फिरावं लागलं नाही. पुढचे कितीतरी आठवडे मी पाहत होते, जी मुलं एरवी एकमेकांशी बोलतही नसत ती वह्या देतघेत होती.

मुलांच्या नजरेतून सुटत नाहीत अशा आणखी दोन जागा. तास चालू असताना पट्टेवाले भाई सूचनेची वही घेऊन येतात. तुम्ही वैतागून हात पुढे करता की ‘या भाई’ म्हणून वही घेता, ते मुलं पाहतात. मुलांनी एकमेकांशी आदराने बोलावं असं वाटत असेल तर त्यांना तो त्या क्षणी दिसायला हवा. आणि दुसऱ्या शिक्षकाबद्दल मुलं कुरकुर घेऊन आली, तर ऐकून घ्या, गंभीर असेल तर योग्य ठिकाणी पोचवा, पण त्यात स्वतःची भर घालू नका. तेवढ्यापुरती मुलं खूश होतात. पण आपल्याबद्दलही हे सर असंच बोलत असतील, हे त्यांच्या मनात राहतं.

मॉनिटरबद्दल एवढंच, की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिण्याचं काम त्याला देऊ नका. त्याने एका मुलाला चुगलखोर ठरवलं जातं आणि तुम्ही नसताना वर्ग त्याच्यावर राग काढतो. त्याऐवजी वह्या वाटणं, फळा पुसणं, नकाशा टांगणं, गटाचं काम गोळा करणं अशी कामं पाळीपाळीने सगळ्यांना द्या, मागच्या बाकालाही.

बक्षिसांचाही फार आधार घेऊ नका. भावनगरला १९२० मध्ये बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका शिक्षेइतकेच बक्षिसाच्याही विरोधात होते, आणि पुढे त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडकही त्याच वाटेने गेल्या. ती मुलं लहान होती, तुमची आठवीतली आहेत, त्यामुळे तेवढं कडक राहायला मी सांगणार नाही. पण चॉकलेटवर शांत बसलेला वर्ग चॉकलेट नसलेल्या दिवशी शांत बसत नाही, हे मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

हे सगळं एकदम सुरू करू नका. सोमवारपासून फक्त दोन गोष्टी करा: घंटेबरोबर दारात असणं आणि फळ्यावरचे दोन प्रश्न. ते अंगवळणी पडलं की टिंबांचा कागद सुरू करा. मध्येच एखादा दिवस पूर्ण बिघडेल, मुलं ऐकणार नाहीत, तुम्ही थकून घरी जाल. दुसऱ्या दिवशी कालचा राग बरोबर न नेता तसेच दारात उभे राहा.

आणि आचार्यांना सांगा की तुम्ही म्हणालात त्यावर मी काम करतोय, महिन्याभराने एक तास माझ्या वर्गात मागे बसाल का? आल्यावर त्यांच्या हातात वर्गाच्या बैठकीचा कोरा कागद द्या आणि मी कुणाकुणाला प्रश्न विचारतो तिथे टिंब देत जा अशी विनंती करा. तास संपल्यावर त्यांचा कागद आणि तुमचा कागद शेजारी ठेवून दोघांनी पाहा. लीडरशिप दिसते की नाही यावर नुसतं बोलण्यापेक्षा, कोणत्या रांगेत टिंबं कमी आहेत यावर बोलणं तुम्हाला दोघांनाही सोपं जाईल.